विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा उपयोग कसा करावा?

ईशज्ञानाचे अध्ययन करणाऱ्या आमच्या बंधूंचे लघुप्रबंध दरवर्षी आम्हांस तपासावे लागतात. त्या वाचनातून एक गोष्ट वारंवार ध्यानी येते. विषय कोणताही असो, शेवटी जोडलेल्या ग्रंथसूचीत तेच ते दहा-बारा ग्रंथ असतात, आणि ते सारे सेमिनरीच्याच दोन कपाटांतले असतात. ज्या शहरात विद्यार्थ्याने चार-चार वर्षे काढली, त्याच शहरात विद्यापीठाचे भले मोठे ग्रंथालय उभे असते. परंतु त्याचा उंबरठा त्याने एकदाही ओलांडलेला नसतो. कारण विचारले असता तीन उत्तरे मिळतात. एक म्हणजे, तेथे आम्हांस कोण आत घेणार? दुसरे, तेथे आमच्या विषयाचे काय असणार? आणि तिसरे, अलीकडे अधिक ऐकू येणारे, हल्ली सर्व काही मोबाईलवर मिळते, मग जावयाचे कशाला?

ही तिन्ही उत्तरे आळसापोटी दिलेली आहेत असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या मुळाशी बहुधा अपरिचय असतो. मोठ्या इमारतीत शिरताना मनावर दडपण येते, कोणास काय विचारावे ते कळत नाही, आणि मनुष्य दारातूनच परत फिरतो. म्हणून प्रस्तुत लेखात विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी प्रथम परिचय कसा करून घ्यावा, याची व्यावहारिक माहिती देण्याचे योजिले आहे. ती जशी विद्यार्थ्यांसाठी आहे, तशीच ज्यांचे शिक्षण कधीच संपले आहे अशा धर्मगुरूंसाठी, धर्मभगिनींसाठी व अभ्यासू प्रापंचिकांसाठीही आहे.

१. हे ग्रंथालय आपले कसे?

आमचे बहुतेक वाचक महाराष्ट्राबाहेर, पण पिढ्यान्‌पिढ्या मराठी वस्ती असलेल्या शहरांत राहतात. अशा शहरांतील विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मराठी ग्रंथ असणे स्वाभाविक आहे. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेंकर यांचा संग्रह जतन केलेला आहे. वडोदऱ्यात महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणावयास आरंभ केला. तेथील विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय आज त्या शहराची विद्यापरंपरा पुढे चालवीत आहे. हैदराबादेतील उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालचे. इंदूर व ग्वाल्हेर येथील विद्यापीठे १९६४ सालची. बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० सालचे. प्रत्येक ठिकाणचा संग्रह लहानमोठा व भिन्न स्वरूपाचा आहे, हे उघडच आहे.

तथापि एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. विद्यापीठाचे ग्रंथालय हे ईशज्ञानाच्या ग्रंथालयाची जागा घेऊ शकत नाही. बायबलवरील भाष्ये, परिषदांचे दस्तऐवज, ख्रिस्तसभेच्या आचार्यांची लेखने यांसाठी सेमिनऱ्यांच्या संग्रहांकडेच वळावे लागेल. पण ज्या समाजास शुभवर्तमान सांगावयाचे, त्याचा इतिहास, त्याची भाषा, त्याचे संतवाङ्मय, त्याच्या जातिव्यवस्थेचा व शेतीचा अभ्यास, जुनी गॅझेटियरे, जनगणनेचे अहवाल, तत्त्वज्ञानाचे ग्रंथ, कोश, हे सारे विद्यापीठातच मिळावयाचे. ज्यास देवाच्या वचनाची चार भाष्ये ठाऊक आहेत, परंतु आपल्या धर्मग्रामाच्या तालुक्याचा इतिहास ठाऊक नाही, त्याचे प्रवचन अर्ध्याच ज्ञानावर उभे असते.

२. प्रवेश आणि सभासदत्व

विद्यापीठाचे विद्यार्थी व अध्यापक हे ग्रंथालयाचे हक्काचे सभासद. सेमिनरीचा विद्यार्थी हा बहुधा बाहेरचा वाचक ठरतो. परंतु बाहेरच्या वाचकास दार बंदच असते, हा समज चुकीचा आहे. अनेक विद्यापीठांत परिचयपत्र आणि ओळखीचा पुरावा दाखविल्यास तेथेच बसून वाचण्याची परवानगी मिळते. काही ठिकाणी शुल्क वा अनामत रक्कम भरल्यास ठरावीक मुदतीचे सभासदत्वही मिळते. नियम प्रत्येक ठिकाणी निराळे असल्याने जाण्यापूर्वी चौकशी करावी.

परिचयपत्र सेमिनरीच्या रेक्टरांच्या सहीचे, शिक्क्यासह व विद्यापीठाच्या ग्रंथपालांस उद्देशून लिहिलेले असावे. त्यात ‘सर्व सवलती मिळाव्यात’ असे मोघम लिहू नये. अभ्यासाचा विषय, पाहावयाच्या साहित्याचे स्वरूप आणि किती दिवस येणे होईल, एवढे तीन ओळींत लिहावे. ग्रंथपालास विषय कळला म्हणजे साहाय्य करणे त्यास सोपे जाते. आपल्या विषयास ‘धर्मप्रचार’ असे कोणी समजेल, या भीतीने तो झाकून ठेवण्याचेही कारण नाही. ‘सतराव्या शतकातील मराठी ख्रिस्ती काव्य’ हा कोणत्याही विद्यापीठास मान्य असा अभ्यासविषय आहे.

दारात पिशवी ठेवावी लागते, नोंदवहीत सही करावी लागते. कागद, पेन्सिल व छोटी वही मात्र सोबत असू द्यावी. दुर्मिळ ग्रंथ पाहताना शाईचे पेन न वापरणे हा जगभरचा शिरस्ता आहे. पहिल्या दिवशी काही वाचण्याचा अट्टहास न धरता नुसते हिंडून यावे. देवघेव विभाग कोठे, संदर्भ विभाग कोठे, नियतकालिके कोणत्या मजल्यावर, मराठीचे कपाट कोणत्या कोपऱ्यात, एवढे पाहिले तरी तो दिवस सार्थकी लागला असे समजावे.

३. तालिका: नाव एक, वाटा अनेक

ग्रंथालयातील सर्व ग्रंथांची नोंद म्हणजे तालिका. पूर्वी ती लाकडी खणांतील पत्रांवर असे. आता बहुतेक ठिकाणी संगणकावर असते व पुष्कळदा घरबसल्याही पाहता येते. तीत लेखक, ग्रंथनाम किंवा विषय यांपैकी कोणत्याही वाटेने शोध घेता येतो. पण मराठी ग्रंथांच्या बाबतीत नवशिका वाचक हमखास येथेच अडखळतो. म्हणून एक उदाहरण विस्ताराने देतो.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आपणांस हवे आहे असे समजा. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य मराठीत रचले व १६१६ साली ते प्रथम छापले गेले. तालिकेत ‘ख्रिस्तपुराण’ असे लिहून शोधले आणि ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर आले, तर ग्रंथ येथे नाही असा निष्कर्ष काढू नये. तो ‘क्रिस्तपुराण’ या नावाखाली असू शकेल. नोंद रोमन लिपीत केली असल्यास कोणी ती ‘के’ने आरंभिली असेल, कोणी ‘के-एच’ने, तर कोणी ‘सी-एच’ने. जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळुरास काढलेल्या आवृत्तीचे नाव तर इंग्रजीत, ‘ख्रिश्चन पुराण’ असे आहे. पहिल्या आवृत्तीच्या पोर्तुगीज मथळ्यात ‘पुराण’ हा शब्दच नव्हता. आपल्या तारणाऱ्याच्या जगातील आगमनावरील प्रवचन, अशा अर्थाचा तो मथळा होता. लेखकाचे नावही कोठे स्टीफन्स, कोठे स्टीव्हन्स, तर कोठे पोर्तुगीज वळणाने ‘एस्तेव्हाँव’ असे आढळते.

यावरून नियम असा निघतो की, शोधावयास बसण्यापूर्वी आपल्या ग्रंथाच्या व लेखकाच्या नावाची जेवढी रूपे संभवतात तेवढी कागदावर लिहून काढावी व प्रत्येकाने एकदा शोधून पाहावे. देवनागरीत न मिळाल्यास रोमन लिपीत शोधावे. पूर्ण नाव न सापडल्यास त्यातील एकच ठळक शब्द द्यावा. विषयाच्या वाटेने शोधताना ‘ख्रिस्ती’ या एकाच शब्दावर थांबू नये. ‘मराठी काव्य’, ‘गोवा, इतिहास’, ‘मिशनरी’ हेही शब्द योजून पाहावेत.

नोंद सापडली की तीवरील बोधांक जसाच्या तसा उतरून घ्यावा. हा अंक म्हणजे ग्रंथाचा पत्ता होय. त्यातील एक टिंब चुकले तरी आपण भलत्याच कपाटापुढे जाऊन उभे राहतो.

४. कपाटांची मांडणी

आपल्याकडील पुष्कळ ग्रंथालयांत मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश पद्धती वापरतात. तीत २०० हा आकडा धर्मविषयक ग्रंथांचा. २२० हे बायबल, २२५ नवा करार, २३० ख्रिस्ती ईशज्ञान, २६४ सार्वजनिक उपासना, २७० ख्रिस्तसभेचा इतिहास. एवढे पाच आकडे पाठ केले तरी आरंभी पुरे. काही ग्रंथालयांत शियाळी रामामृत रंगनाथन यांची १९३३ सालची द्विबिंदू पद्धती आढळेल. तीत धर्मविषयक ग्रंथांवर ‘क्यू’ हे रोमन अक्षर असते व ख्रिस्ती धर्मास त्यापुढे ६ हा अंक असतो.

ड्यूईच्या पद्धतीतील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. धर्माच्या शंभर आकड्यांपैकी बहुतेक सारे ख्रिस्ती धर्मास दिलेले असून जगातील इतर सर्व धर्म २९० ते २९९ या दहा आकड्यांत कोंबलेले आहेत. हिंदू धर्मास २९४.५ एवढीच जागा. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत बसून जग पाहिले तेव्हा ते असे दिसले. संतवाङ्मय व दर्शने यांच्या भूमीत राहणाऱ्या आम्हां ख्रिस्ती वाचकांनी या मांडणीकडे पाहून फुशारकी मानू नये. उलट, पाहणाराची जागा बदलली म्हणजे जगाचा नकाशा कसा बदलतो, हा धडा घ्यावा.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आमच्या मराठी ख्रिस्ती वारशातील फार मोठा भाग २०० च्या कपाटात असेलच असे नाही. ‘ख्रिस्तपुराण’ पुष्कळदा ८९१.४६१ येथे, म्हणजे मराठी काव्यात असते. बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ हे १८५७ सालचे पुस्तक मराठी कादंबऱ्यांत शोधावे; त्यांचे ‘अरुणोदय’ व लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्रांत; रेव्हरंड टिळकांची कविता इतर कवींच्या पंगतीत; विल्यम केरी यांचे १८०५ सालचे मराठी व्याकरण भाषाशास्त्रात. प्रथम हे पाहून वाचक गोंधळतो. आम्हांस मात्र यात एक समाधान वाटते. हे लेखन मराठीच्या घरातलेच आहे, पाहुणे म्हणून आलेले नाही, याची ही कपाटे जणू साक्षच देतात.

५. विचारणे हीही एक विद्या आहे

ग्रंथालयातील सर्वांत मोलाचे साधन कोणते, असे कोणी विचारल्यास आम्ही निःशंकपणे म्हणू, की तेथील ग्रंथपाल. संदर्भ विभागात बसणाऱ्या व्यक्तीचे कामच मुळी वाचकास वाट दाखविणे हे असते. आमचे विद्यार्थी या मेजाजवळ जावयास संकोचतात. आपले अज्ञान उघडे पडेल असे त्यांस वाटते. पण ज्याने सारे आयुष्य पुस्तकांत घालविले आहे त्यास प्रश्न विचारण्यात कमीपणा तो कसला?

मात्र प्रश्न नेमका हवा. ‘ख्रिस्ती धर्मावर काही आहे का?’ या प्रश्नास उत्तर नाही. ‘एकोणिसाव्या शतकात बेळगाव जिल्ह्यात दुष्काळाच्या काळी मिशनऱ्यांनी केलेल्या कामाची माहिती कोणत्या सरकारी अहवालांत मिळेल?’ या प्रश्नास मात्र ग्रंथपाल तत्काळ दोन-तीन वाटा सुचवील. हवा असलेला ग्रंथ तेथे नसल्यास तो दुसऱ्या ग्रंथालयातून मागविण्याची सोय आहे काय, हेही विचारावे. अशी आंतरग्रंथालयीन देवघेव अनेक विद्यापीठांत चालते, पण मागणाऱ्यावाचून ती निष्क्रिय राहते.

६. नियतकालिके, प्रबंध व संगणकीय साधने

ग्रंथांत जे येते ते पुष्कळदा आधी नियतकालिकांतून आलेले असते. अहमदनगर येथे १८४२ साली निघालेल्या ‘ज्ञानोदया’सारख्या पत्राचे जुने अंक ज्यास कोठे पाहावयास मिळतील, त्याने ती संधी दवडू नये. एका वर्षाची फाईल ओळीने चाळली असता त्या काळच्या ख्रिस्ती समाजाचे जे दर्शन घडते, ते नंतरच्या इतिहासग्रंथांत क्वचितच घडते.

पीएच.डी.चे प्रबंध आता ‘शोधगंगा’ या संगणकीय भांडारात ठेवले जातात. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र ते चालविते आणि ते सर्वांस विनामूल्य खुले आहे. आपल्या विषयावर पूर्वी कोणी काम केले आहे काय, हे येथे प्रथम पाहावे. प्रबंधाच्या अखेरची ग्रंथसूची तर पुढील शोधाची तयार वाटच असते. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही असेच सर्वांस उपलब्ध आहे.

परंतु विद्वत्तापूर्ण नियतकालिकांची गोष्ट वेगळी. त्यांची वर्गणी भारी असते. २०२५ च्या जानेवारीपासून केंद्र शासनाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेखाली ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांस खुली केली आहेत. खासगी सेमिनरीस तिचा थेट लाभ नाही; शासकीय विद्यापीठास आहे. म्हणजे जो लेख आपल्या मोबाईलवर पैशांवाचून उघडत नाही, तोच विद्यापीठाच्या आवारातील संगणकावर कदाचित उघडेल. बाहेरच्या वाचकास तो पाहू देतात की नाही, हे तेथील ग्रंथपालांस विचारावे. ‘सर्व काही मोबाईलवर मिळते’ म्हणणाऱ्यास आमचे हे एक उत्तर. दुसरे असे, की मराठीतील जुन्या ग्रंथांपैकी कितीतरी अद्याप कोठल्याही पडद्यावर आलेले नाहीत. ते कपाटात धूळ खात वाचकाची वाट पाहत आहेत.

७. टिपणे आणि सत्य

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मुख्यतः हा लेख लिहिला, तिच्याकडे वळतो. विद्यार्थिदशेत आम्ही ‘ख्रिस्तपुराणा’वर एक प्रबंधिका लिहिली होती. तळटीपेत मोठ्या दिमाखाने १६४९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचा हवाला दिला. परीक्षकांनी शांतपणे विचारले, “ही आवृत्ती आपण कोठे पाहिलीत?” आम्ही निरुत्तर झालो. दुसऱ्या कोणाच्या पुस्तकातील उल्लेख आम्ही स्वतः पाहिल्यासारखा उतरविला होता. ते पुढे म्हणाले, “१६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज कोठे असल्याचे ज्ञात नाही. आपण पाहिली असल्यास सर्वांवर उपकार होतील.” त्यांच्या बोलण्यात उपहास नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. आज आपण जे वाचतो ते हस्तलिखितांवरून सिद्ध केलेले आहे, ही साधी गोष्ट, साल्ढाणांची प्रस्तावना एक दुपार ग्रंथालयात बसून वाचली असती, तर आम्हांस कळली असती.

त्या दिवसापासून आम्ही टिपणाचा एक नियम पाळतो. प्रत्येक टिपणावर ग्रंथाचे नाव, लेखक, आवृत्ती, वर्ष, पृष्ठ, ग्रंथालयाचे नाव व बोधांक लिहावयाचा; आणि त्याखाली ‘स्वतः पाहिले’ किंवा ‘अमक्याच्या आधारे’ असे स्पष्ट नोंदवावयाचे. लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांत, आपले विचार त्याबाहेर. छायाप्रत घ्यावयाची झाल्यास अभ्यासापुरतीच पाने घ्यावीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने खासगी अभ्यास व संशोधनासाठी रास्त वापरास मुभा दिली आहे, अख्खा ग्रंथ उतरून घेण्यास नव्हे.

काहींस ही सारी काटेकोरी विद्यापीठीय पंडितांची वाटेल. आम्हांस ती देवाच्या आज्ञेची वाटते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आम्ही मुलांस शिकवितो. न पाहिलेले पाहिले म्हणून सांगणे, दुसऱ्याच्या श्रमाचे फळ आपले म्हणून मांडणे, ही खोटी साक्ष नव्हे तर काय? आणि प्रवचनपीठावरून ऐकीव गोष्ट इतिहास म्हणून सांगितली, तर भाविक ती तपासावयास जाणार नाहीत. ते आमच्यावर विश्वास ठेवतात. त्या विश्वासाची राखण करणे हे धर्मगुरूचे कर्तव्य आहे.

शेवटी एक विनंती. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांचा आरंभच ग्रंथ हे वापरासाठी असतात या विचाराने होतो. ज्या ग्रंथास वर्षानुवर्षे कोणी हात लावीत नाही, तो जागेच्या टंचाईत प्रथम अडगळीत जातो. महाराष्ट्राबाहेरच्या ग्रंथालयांत मराठी कपाटांपुढे वाचक आधीच थोडे. त्यांत ख्रिस्ती ग्रंथ मागणारे त्याहून थोडे. आपण मागणीची चिठ्ठी लिहितो तेव्हा ‘हा ग्रंथ अजून कोणास तरी हवा आहे’ अशी नोंद होत असते. म्हणून या पावसाळी सत्रात आमच्या प्रत्येक बंधूने निदान एकदा आपल्या शहरातील विद्यापीठाच्या ग्रंथालयात जावे, ८९१.४६ च्या कपाटापुढे उभे राहावे, आणि तेथे आपला कोणता ग्रंथ आढळला ते एका पोस्टकार्डावर आम्हांस कळवावे. मिळालेल्या नोंदी एकत्र करून याच पत्रिकेतून छापण्याचा आमचा मानस आहे.